ट्रॅकवरून घरात आलेला ग्रेहाउंड

शर्यतीचा ग्रेहाउंड कुत्रा साधारण दोन ते पाच वर्षांचा असताना निवृत्त होतो आणि नीट सांभाळला तर बारा-तेरा वर्षांपर्यंत जगतो. म्हणजे त्याचं बरंचसं आयुष्य ट्रॅक सुटल्यानंतरचं असतं. ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात अशा कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्था आहेत, आणि तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतूनही 'हा कुत्रा आम्हाला झेपेल का' असा प्रश्न येतो. झेपतो. फ्लॅटमध्येही झेपतो, कारण दिवसाचे सोळा-अठरा तास तो झोपलेला असतो. अट एकच, त्याचं आधीचं आयुष्य कसं गेलं हे समजून घ्यायचं. नव्या मालकांना जे विचित्र, हट्टी किंवा आजारी वाटतं, त्यातलं बहुतेक सगळं एक तर केनेलमधून, म्हणजे शर्यतीचे कुत्रे ठेवायच्या जागेतून, आलेलं असतं किंवा त्या धावण्यासाठी घडलेल्या शरीरातून.

ब्रिटनमध्ये धावणारे बहुतेक कुत्रे आयर्लंडमध्ये जन्मतात. पिल्लू असतानाच कानात हिरव्या शाईने अक्षरं गोंदतात. सव्वा-दीड वर्षाचं झालं की ट्रेनरकडे जातं आणि तिथे केनेलमध्ये बहुधा दुसऱ्या एका ग्रेहाउंडबरोबर राहतं. दिवसातून चार-पाच वेळा बाहेरच्या कुंपणात सोडतात, तोंडाला मुसकं बांधून. जेवण ठरल्या वेळी, मालिश, वजन, गाडीत चढणं, अनोळखी माणसाने अंगाला हात लावणं, हे सगळं त्याच्या रोजच्या सवयीचं. त्यामुळे दत्तक आलेला ग्रेहाउंड गाडीत शांत बसतो, डॉक्टरांच्या टेबलावर निमूट उभा राहतो, पट्टा लावल्यावर अजिबात ओढत नाही. आणि तोच कुत्रा घरात आल्यावर जिन्यापाशी थिजतो, काचेच्या दारावर आपटतो, वॉशिंग मशीन फिरायला लागली की कोपरा गाठतो, आणि एकटा पडला की रडतो. यातलं काहीच त्याने आधी पाहिलेलं नसतं. एकटं राहणंसुद्धा.

कानातल्या गोंदणावरून त्याची पूर्ण कुंडली काढता येते. अमेरिकन कुत्र्याच्या उजव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा आकडा आणि एक अक्षर असतं. '९८बी' म्हणजे नवव्या महिन्यातला, आठने संपणाऱ्या वर्षातला, त्या वेतातला दुसरा. डाव्या कानात वेताचा नोंदणी क्रमांक. आयरिश आणि ब्रिटिश कुत्र्यांना अक्षरं असतात, त्यावरून शर्यतीचं नाव, आई-बाप आणि किती शर्यती धावला तेही सापडतं. शर्यतीचं नाव लांबलचक असतं आणि कुत्र्याला ते माहीत नसतं. केनेलमध्ये हाक मारायचं नाव वेगळं असतं, तेवढं संस्थेकडून आवर्जून विचारून घ्या. नाव बदलायचं असेल तर खुशाल बदला, आठवडाभर खाऊ देताना नवं नाव घेतलं की पुरतं.

आणण्याआधी

ब्रिटनमध्ये सर्वात जुनी मोठी संस्था म्हणजे १९७५ पासूनचा ग्रेहाउंड ट्रस्ट. तिच्याशिवाय लहान-मोठे अनेक गट आहेत. शर्यतींच्या नियामक मंडळाने, म्हणजे ग्रेहाउंड बोर्ड ऑफ ग्रेट ब्रिटनने, २०२० मध्ये निवृत्ती योजना सुरू केली. कुत्र्याची नोंदणी होतानाच एक ठेव (सुरुवातीला ४०० पौंड), अर्धी मालकाची आणि अर्धी मंडळाची, जी पुढे घर शोधणाऱ्या संस्थेला मिळते. ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांत 'गॅप' नावाने दत्तक कार्यक्रम चालतात. कुठूनही घेतलात तरी संस्था घर बघायला येते, कुंपणाची उंची मोजते, आणि कुत्रा नसबंदी, चिप आणि लसीकरण करून देते. दात साफ केले आहेत का हे विचारा. केले नसतील तर तो खर्च तुमच्या अंगावर येणार हे धरून चाला.

ट्रॅक बंद पडले की कुत्रे एकदम घाऊक येतात, हेही लक्षात ठेवावं. मकाऊचा कॅनिड्रोम हा ट्रॅक जुलै २०१८ मध्ये बंद झाला तेव्हा पाचशेहून जास्त ग्रेहाउंडना घरं शोधावी लागली. फ्लोरिडातल्या शर्यती ३१ डिसेंबर २०२० ला कायद्याने थांबल्या. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या शर्यती बंद करायचा निर्णय जाहीर केला. अशा वेळी घाईत कुत्रे वाटले जातात आणि मांजरांसमोरची चाचणी, मुलांसमोरची चाचणी राहून जाते. तुम्ही मात्र ती मागा. घरात मांजर असेल तर 'चालेल बहुतेक' या उत्तरावर कुत्रा घेऊ नये. काही ग्रेहाउंड मांजराकडे ढुंकून बघत नाहीत, काही दोन दिवसांत शिकतात, आणि काही कधीच शिकत नाहीत. तिसऱ्या प्रकारचा कुत्रा वाईट नसतो, फक्त तो मांजर असलेल्या घरी द्यायचा नसतो.

महाराष्ट्रात परवान्याचे ग्रेहाउंड ट्रॅक नाहीत, त्यामुळे निवृत्त कुत्र्यांचा प्रश्नही इथे त्या रूपात नाही. आपल्याकडचा कारवान किंवा मुधोळ हाउंड हा याच जातकुळीचा, नजरेने सावज धरून धावणारा. तो ज्यांनी पाळला आहे त्यांना पुढचं बरंचसं ओळखीचं वाटेल. पट्टा, पातळ कातडी आणि सशामागे धावणं सारखंच. केनेलचा भाग मात्र वेगळा.

पट्टा आणि कुंपण

ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा पट्टा मागे रेटा देताच डोक्यावरून सुटतो आणि कुत्रा रस्त्यावर मोकळा होतो. म्हणून मार्टिंगेल, म्हणजे ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा पट्टा घ्यायचा, ४ ते ५ सेंटीमीटर रुंद, आतून मऊ. तो मानेच्या तळाशी लोंबकळत ठेवायचा नसतो. वर, कानांच्या लगेच मागे, मानेच्या सर्वात बारीक भागावर बसवायचा. ओढून घट्ट केल्यावर त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या म्हणजे अजून सैल आहे. घट्ट झालेला असताना दोन बोटं आत जायला हवीत. पहिले काही आठवडे जोडीला तीन पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधायचा साज, घाला, तिसरी पट्टी छातीच्या मागे कमरेपाशी येणारी. दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून घाबरलेला ग्रेहाउंड मागे सरकत अलगद निसटतो.

लांबणारी, गुंडाळी असलेली दोरी या कुत्र्यासाठी घेऊ नका. काही ढांगांतच तो ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. पाच मीटर दोरी संपेपर्यंत त्याने बराच वेग घेतलेला असतो आणि तो सगळा झटका मानेवर आणि तुमच्या खांद्यावर येतो. दीड-दोन मीटरची कापडी लीश पुरे. ती बोटांना गुंडाळू नये, बोटं मोडतात. अंगठ्यात फास अडकवून मूठ मिटायची.

मोकळ्या मैदानात सोडणं हा विषयच नाही. हाक मारल्यावर येतो, खूप हुशार आहे, हे सगळं खरं असतं, खार दिसेपर्यंत. ती दिसल्यावर तो ऐकत नाही असं नव्हे, त्याला ऐकूच येत नाही. आणि उड्या मारत जाणारी प्लास्टिकची पिशवीही त्याला ससाच वाटते. ट्रॅकवर तो ज्याच्यामागे धावला तेही यंत्रावर ओढलेलं खोटंच सावज होतं. अशी यांत्रिक सशाची पहिली ब्रिटिश शर्यत मँचेस्टरच्या बेल व्ह्यू इथे २४ जुलै १९२६ ला झाली. कुंपण किमान दीड मीटर उंच, खाली फट नाही, आणि फाटकाला आतून कडी. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात पाळीव ग्रेहाउंडला बाहेर मुसकं घालायची सक्ती १ जानेवारी २०१९ पासून उठली, पण सार्वजनिक ठिकाणी लीश सक्तीचीच राहिली. ते योग्यच आहे.

धावायचं त्याला असतंच. ब्रिटनमध्ये चारी बाजूंनी बंद असलेली शेतं तासावर भाड्याने मिळतात. आठवड्यातून एकदा पुरे. गाडीतून उतरवून थेट सोडू नका, दहा मिनिटं चालवा, मग सोडा. तीन-चार फेऱ्या मारून तो स्वतःच थांबतो. धाप कमी होईपर्यंत पुन्हा चालवा, मग पाणी. दोन ग्रेहाउंड एकत्र सोडताना दोघांनाही मुसकं घाला. ते भांडकुदळ असतात म्हणून नाही. धावताना एकमेकांना तोंड मारायची त्यांना सवय असते आणि त्यांची कातडी इतकी पातळ की खेळातला दातही टाके घालायला लावतो. मुसक्याची त्यांना लाज नसते, ते फक्त बघणाऱ्यांना वाईट वाटतं. रोजचं चालणं मात्र वीस ते तीस मिनिटं, दोनदा. पहिल्या महिन्यात तेही हळूहळू वाढवा, कारण वाळूवर धावलेल्या तळव्यांना डांबर नवं असतं.

चालता चालता तो मध्येच खांबासारखा उभा राहील. ओढू नका. जग फार झालं की ग्रेहाउंड असाच गोठतो. बाजूला वळवून अर्धवर्तुळात फिरवलं की पाय सुटतात. रोज एकाच लहान फेरीवर नेलं तर दोन-तीन आठवड्यांत हे बरंच कमी होतं.

घरातले पहिले आठवडे

काचेच्या दारांवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला रंगीत चिकटपट्टी लावा. लाकडी किंवा टाइल्सच्या फरशीवर जिथून जिथे तो चालणार तिथे न सरकणाऱ्या पट्ट्या अंथरा, नाहीतर पाय फाकून पडतो आणि मग त्या खोलीत यायलाच नकार देतो.

जिना दोघांनी शिकवायचा. एकाने पुढे हार्नेस धरून, दुसऱ्याने मागून मांड्यांना आधार देऊन. पुढचा डावा पाय उचलून पायरीवर, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा, असे चारही पाय हाताने ठेवून दाखवायचे. एका बैठकीत तीन-चार पायऱ्या पुरे. चढणं लवकर येतं, उतरणं उशिरा. उतरताना त्याला भिंतीच्या बाजूला ठेवा आणि छातीसमोर हात धरा, कारण तो सगळा जिना एका उडीत संपवायला बघतो आणि पाय मोडतो तो असा. शिकेपर्यंत वर-खाली जाळीचं फाटक लावून ठेवा.

शी-शूचं शिक्षण पिल्लासारखं लांबत नाही. केनेलमधली झोपायची जागा घाण करायची नाही हे त्याला कळतं. फक्त तुमचं आख्खं घर ही झोपायची जागा आहे हे कळत नाही. पहिले तीन-चार दिवस दर दोन तासांनी, उठल्यावर लगेच, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आणि रात्री झोपण्याआधी बाहेर न्या. स्वतःच्या अंगणातही लीशवर, एकाच कोपऱ्यात. झालं की तिथल्या तिथे खाऊ, घरात परतल्यावर नाही. आत झालंच तर एन्झाइमचं क्लीनर वापरा. अमोनिया असलेल्या क्लीनरने वास जात नाही, उलट त्याला ती जागा पक्की वाटते.

एकटं राहण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करा, सुट्टी काढून चोवीस तास त्याच्याजवळ बसण्यापेक्षा. दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटून तीस सेकंद. मग एक मिनिट, तीन, पाच, दहा. तो रडायला लागण्याआधी परत यायचं, आणि यायचं ते गाजावाजा न करता. जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावून ठेवा. दारापाशी येरझाऱ्या, धाप, लाळ दिसली तर वेळ निम्मी करा. पिंजऱ्याचा उपयोग कुत्रा कुठून आला त्यावर ठरतो. अमेरिकन केनेलमध्ये ते पिंजऱ्यातच राहतात, त्यांना तो आसरा वाटतो. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातले कुत्रे खोलीएवढ्या केनेलमधून येतात, त्यांना पिंजऱ्यात कोंडलं तर दात मोडेपर्यंत गज चावतात.

झोपेबद्दल घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना, एक नियम हवा: झोपलेल्या ग्रेहाउंडला हात लावायचा नाही. यातले बरेच कुत्रे डोळे उघडे ठेवून झोपतात. जागा आहे असं समजून मूल मिठी मारायला जातं आणि कुत्रा दचकून गुरगुरतो किंवा चावतो. तो स्वभावाने चावरा नसतो. झोपेत त्याला कुणी शिवलेलंच नसतं. आधी नावाने हाक, मान वर झाली की मग हात. त्याचं अंथरूण जाण्या-येण्याच्या वाटेवर नको, आणि पहिले काही महिने सोफ्यावर, पलंगावर नको. गुरगुरल्याबद्दल रागावू नये. गुरगुरणं बंद केलेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

बिछाना जाड घ्या, १० सेंटीमीटरचा फोम, साधारण १२० बाय ८० सेंटीमीटर. अंगावर चरबी नाही, त्यामुळे कोपरांना घट्टे पडतात. 'बस' शिकवायच्या मागे लागू नका. मांड्यांचे स्नायू एवढे मोठे असतात की अनेकांना बसणंच अवघड जातं. 'थांब' आणि 'आडवा हो' एवढं पुष्कळ. उताणा पडून चारही पाय हवेत टाकून झोपला तर घाबरू नका, आणि आनंदाने दात वाजवायला लागला तरी नाही.

खाणं

३० किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात लोळणाऱ्या ग्रेहाउंडला दिवसाला साधारण १,४०० ते १,५०० किलोकॅलरी लागतात. १०० ग्रॅममध्ये ३६० किलोकॅलरी असलेलं कोरडं खाणं असेल तर हे सुमारे ४०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. पाकिटावरचा तक्ता बहुधा यापेक्षा जास्त सांगतो. शर्यतीच्या वजनापेक्षा एक-दोन किलो वाढलेलं चांगलं, चार-पाच नको. शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची हाडं किंचित दिसायला हवीत. रस्त्यात कुणी 'उपाशी ठेवता का' म्हणून विचारेल, त्याची सवय करून घ्या.

केनेलचं खाणं मऊ असतं आणि घरी आल्यावर ते एकदम बदललं की जुलाब ठरलेले. संस्थेकडून आठवड्याचं जुनं खाणं मागून घ्या आणि सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला, पहिले दोन दिवस चौथा हिस्सा नवं. तरीही महिनाभर पातळ होत असेल तर खाणं पुन्हा बदलण्याआधी शीची तपासणी करा. अमेरिकन केनेलमधून आलेल्या कुत्र्यांत नेहमीच्या औषधांना न जुमानणारे अंकुशकृमी आढळतात आणि तिथे ब्रँड बदलून काही होत नाही. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो, म्हणून जेवणाआधी तासभर आणि नंतर दोन तास पळवू नये. पोट टम्म, ओकारीचे कोरडे उमाळे आणि अस्वस्थ फेऱ्या दिसल्या तर सकाळची वाट न बघता तातडीच्या दवाखान्यात न्या.

आपल्या स्वयंपाकघरात दोन धोके रोजचे आहेत. एक कांदा-लसूण. भाजीतला उरलेला रस्सा, आमटी, मटणाचं सूप, सगळ्यात ते असतं आणि शिजवल्याने त्यांचं विष जात नाही. दुसरा बेदाणे आणि मनुका. शिरा, लाडू, पुलाव यांतले बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात आणि किती खाल्ले म्हणजे धोका याचा भरवशाचा आकडा नाही. दही-भात, उकडलेलं अंडं, मीठ-मसाला न घातलेलं चिकन, गाजर हे चालतं. नर ग्रेहाउंड खांद्यापाशी ७१ ते ७६ सेंटीमीटर असतो, म्हणजे ओट्यावरचं ताट त्याच्या तोंडासमोरच येतं. पाटावरचा नैवेद्य तर विचारूच नका.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांसारखं नसतं. तांबड्या पेशींचं प्रमाण ५० ते ६५ टक्के असतं, इतर कुत्र्यांत ते साधारण ३७ ते ५५. प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी, क्रिएटिनिन थोडं वर. थायरॉइडचा टी-४ इतका कमी येतो की मांडीवरचे गेलेले केस आणि तो आकडा जोडून निरोगी कुत्र्याला जन्मभर गोळ्या सुरू होतात. मांड्यांवरचं टक्कल या जातीत नेहमीचं, त्याला उपचार लागत नाही. दवाखान्यात घाबरून रक्तदाबही वाढलेला दिसतो. रिपोर्टवर लाल खुणा दिसल्या की ग्रेहाउंडसाठीच्या मर्यादांशी ताडून पाहायला सांगा.

भूल देताना थायोपेंटोन टाळावं हे आता बहुतेक पशुवैद्यांना ठाऊक असतं; या जातीचं यकृत ते हळू काढतं आणि शुद्ध यायला फार वेळ लागतो. कमी ठाऊक असलेली गोष्ट रक्तस्रावाची आहे. शस्त्रक्रिया छान होते, कुत्रा घरी येतो, आणि दीड-दोन दिवसांनी जखमेभोवती जांभळं पडत पसरायला लागतं. गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या मात्र बरोबर येतात, कारण रक्त गोठतं, पण झालेली गुठळी लवकर विरघळते. यासाठी ट्रानेक्सामिक ॲसिड किंवा अमिनोकॅप्रोइक ॲसिड आधीपासून देता येतं. दात काढायचे असोत की पायाचं बोट, तारीख ठरवतानाच हे विचारा. आणि भूल उतरताना अंगावर पांघरूण हवं, थंडी त्यांना पटकन बाधते.

दात ही या कुत्र्यांची खरी दुखरी बाजू. मऊ खाण्यामुळे दोन वर्षांच्या कुत्र्याच्या दाढांवरही किटण चढलेलं असतं. रोज कुत्र्यांच्या पेस्टने घासा. माणसांच्या पेस्टमध्ये झायलिटॉल असू शकतं, ते विषारी. सुरुवातीला बोटाला फडकं गुंडाळून फक्त वरच्या दाढांची बाहेरची बाजू, अर्धा मिनिट.

लंगडणं दिसलं तर आधी कुठे लंगडतो ते बघा. डांबरावर लंगडतो आणि गवतावर नीट चालतो, तर बहुधा पायाला कुरूप आहे. पुढच्या पायांच्या मधल्या दोन बोटांच्या गादीवर गोल, टणक टिकली दिसते. तळवा ओला केला की ठळक होते. डॉक्टर ती कोरून काढतात, काही आठवड्यांनी पुन्हा येते. अलीकडे त्या बोटाचा कंडरा कापून गादीवरचा दाब कमी करायची छोटी शस्त्रक्रिया करतात. मागच्या उजव्या घोट्यात जाडी किंवा ताठरपणा असेल तर ती ट्रॅकची जुनी दुखापत असू शकते. शर्यती घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, प्रत्येक वळणावर भार त्या घोट्यावर येतो आणि तिथलंच लहान हाड मोडतं. थंडीत तो जखडतो, त्याची औषधं आहेत. पण सात-आठ वर्षांपुढचा कुत्रा दोन-तीन दिवस एकाच पायाने लंगडत असेल, विशेषतः पुढच्या पायाने, खांद्याजवळ किंवा मनगटाजवळ, तर मुरगळलं असेल म्हणून वेदनाशामकावर आठवडे काढू नका. हाडाचा कर्करोग या जातीत जास्त आहे. एक्स-रे त्याच आठवड्यात.

कातडी फाटली तर सलाइनने धुवा, ओलं गॉज ठेवा, सैल बांधा आणि दवाखाना गाठा. कोरडा पडलेला काठ शिवता येत नाही. शेपटी दारावर आपटून टोक फुटलं तर रक्त भिंतीवर छतापर्यंत उडतं आणि जखम भरत नाही, कारण तो शेपूट हलवायचं थांबवत नाही. मलमपट्टीवर पाण्याच्या पाइपला लावतात ती फोमची नळी चढवा, पट्टी केसांना नुसती टेकेल एवढीच घट्ट. घट्ट बांधलेली शेपटी काळी पडते.

थंडी, दिवाळी आणि भारतवारी

पारा १० अंशांखाली गेला की बाहेर कोट, घर गार असेल तर रात्री स्वेटर. पंचवीसच्या वर उन्हात चालवू नका. ओल्या थंडीत तो पावसात पाय टाकायलाच नकार देतो, तेव्हा दारातल्या दारात उरकून आत.

दिवाळी आणि ब्रिटनमधली ५ नोव्हेंबरची आतषबाजी जवळजवळ येतात, त्यामुळे कुत्र्याला पंधरा दिवस फटाके ऐकावे लागतात. अंधार साडेचारलाच पडतो, फेरी त्याआधी. पडदे ओढा, पंखा किंवा रेडिओ सुरू ठेवा, टेबलाखाली पांघरुणाची गुहा करून द्या. औषध लागणार असेल तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोला. नुसतं एसीपी (ॲसिप्रोमाझिन, गुंगीचं औषध) मागू नका. ते अंग सुन्न करतं, भीती तशीच राहते, आणि ग्रेहाउंडला ते कमी मात्रेतही जास्त चढतं. पणत्या शेपटीच्या उंचीवर ठेवू नका. कमी उंचीचं टेबल त्या एका फटकाऱ्यात साफ होतं.

चार-सहा आठवडे भारतात जायचं असेल तर त्याला विमानाने आणायचा विचार सोडा. ग्रेहाउंड सांभाळायची सवय असलेलं केनेल शोधा. इतर कुत्री जिथे हिरमुसतात तिथे हा बऱ्यापैकी रमतो, ते आयुष्य त्याच्या ओळखीचं असतं. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी एक रात्र ठेवून बघा. बरोबर पूर्ण मुक्कामाचं मोजलेलं खाणं, त्याचा बिछाना, मार्टिंगेल, कोट आणि मुसकं द्या. कागदावर लिहून द्या: झोपेत हात लावू नये, लीशशिवाय सोडू नये, भूल द्यावी लागली तर रक्तस्रावाचं औषध आधी विचारावं, आणि खर्चाला होकार द्यायचा अधिकार कुणाला आहे त्याचं नाव व तिथला स्थानिक फोन नंबर. रात्री दोनला पुण्यातला फोन कुणी उचललाच नाही, असं व्हायला नको.